पुसलेली एकतीस झाडं

झाडं पुसते म्हणून तिला सगळे झाडपुसणी म्हणतात. नाव ठेवणाऱ्याने हिणवायला ठेवलं होतं, तिने ते पदक असल्यासारखं मिरवलं. एका हातात साबणपाण्याची बादली, दुसऱ्या हातात जुन्या सदऱ्याचं फडकं, आणि खांद्यावर तिची स्वतःची तीन पायांची शिडी. ती शिडी ती कुणाला उसनी देत नाही. मागितलीच तर म्हणते, "नवरा ने हवा तर, शिडी नाही."

संत्र्याच्या बागेत एक पांढरी कीड पडते. कापसाचे कण चिकटल्यासारखी ती डहाळीच्या बेचक्यात, पानामागे आणि फळाच्या देठाखाली दडून बसते, रस पिते आणि चिकट घाण सोडते. चिकटावर काजळी धरते, फळ काळं पडतं, देठ सैल होऊन गळून जातं. पुस्तकात तिला पिठ्या ढेकूण म्हणतात, बागेत नुसतंच पिठ्या. फवारा मारला तरी देठाखालचा पिठ्या वाचतो, कारण औषध तिथे पोचतच नाही. झाडपुसणीचं बोट मात्र पोचतं. तिने पुसलेल्या फांदीवर पांढरं शोधून दाखवा आणि माझं नाव बदला.

तिचा नवरा चौदा वर्षं त्याच बागेत पंपवाला होता. पाठीवर सोळा लिटरचा पंप, हातात नळी, तोंडाला रुमाल. रुमाल! बाटलीवर कवटी छापलेली आणि माणसाच्या तोंडाला रुमाल. कीड-औषधांवर गावोगाव सभा घेत फिरणारी मी, ह्यावरून मुकादमाशी तीनदा भांडले आहे आणि चौथ्यांदाही भांडेन, पण ही गोष्ट माझ्या भांडणाची नाही. चौदा वर्षांनी त्या माणसाचे हात कापायला लागले. आता त्याला सदऱ्याची गुंडी लावता येत नाही, कप अर्धाच भरून द्यावा लागतो. डॉक्टरने सांगितलं, पंपाला पुन्हा हात लावायचा नाही. तो घरी बसला. पंप मात्र घरी बसत नाही.

बागेच्या मागे कामगारांच्या खोल्या आहेत. प्रत्येक खोली एकेका कामाला बांधलेली. झाडपुसणीची खोली पंपाला बांधलेली होती. मुकादम दारात येऊन उभा राहिला आणि चौकटीला टेकून म्हणाला, "तुमच्यातलं कुणीतरी पंप उचला. नाहीतर खोली मोकळी करा. मी वाईट माणूस नाही, पण मलाही वरून विचारणारे आहेत."

"मी उचलते," लेक म्हणाली. वय बावीस, अंगाने काटक, तोंडाने आईच्या वरताण. "बाबांनी चौदा वर्षं उचलला, मला काय होतंय?"

"बाबांकडे बघ आणि मग बोल," झाडपुसणी म्हणाली.

"बघितलं. म्हणून तर मी उचलते. तुम्ही दोघं कुठे जाणार?"

लेकीने दोन दिवस पंप चालवला. दुसऱ्या दिवशी दुपारी अवजारांच्या खोलीमागे मातीचा एक ताजा लहानसा ढीग दिसला. मांजराचं काम असेल म्हणून झाडपुसणीने पायाने माती सारली, आणि खालून औषधाचा वास आला. पोरीला उलटी झाली होती, आणि ती तिने आईला कळू नये म्हणून पुरली होती. त्या दिवसापासून पोर जेवताना हात पुढे करायची तेव्हा झाडपुसणी घासाकडे नाही, बोटांकडे बघायची.

मुकादमाकडे ती अशीच गेली नाही. आधी माझ्याकडे आली. शहराजवळच्या एका प्रयोगशाळेत पिठ्या खाणारे भुंगेरे वाढवतात, हे तिने माझ्याच तोंडून एका सभेत ऐकलं होतं. "ताई, ते खरं होतं की सभेतलं होतं?" तिने विचारलं. मला राग आला, पण प्रश्न रास्त होता.

मग ती मुकादमासमोर उभी राहिली. "पाटाकडची चाळीस झाडं मला द्या. त्यांच्यावर औषधाचा थेंब नको. पाहणीच्या दिवशी पिठ्या वाढलेला दिसला तर लेक पंप उचलेल, मी तोंड उघडणार नाही. नाही वाढला तर ह्या हंगामात पंप तिच्या पाठीवर चढणार नाही. तिला फळं निवडायच्या खोलीत काम द्यायचं आणि आमची खोली त्या कामाला बांधायची."

"आणि पिठ्याला काय, समजावून सांगणार आहेस?"

"खाणारे आणणार आहे."

मुकादम हसला. त्याचं हसू म्हणजे जिना उतरताना पाय घसरावा तसं असतं, धडधडत येतं आणि एकदम थांबतं. "पाहणी आजपासून पंचवीस दिवसांनी. पुढची फवारणीही त्याआधी नाही. घे तुझी चाळीस झाडं."

मी दोन खोके आणले. आत कागदाच्या कपच्या आणि त्यांत तुरतुरणारे काळपट भुंगेरे, मसुराच्या दाण्याएवढे, डोकं आणि शेपूट नारिंगी. एका झाडाला पंधरा-वीस, असे मोजून सोडायचे. आधी खोडाला चिकट पट्टी बांधायची, कारण पिठ्याची गोड घाण चाटायला मुंग्या येतात आणि त्या लाडापायी भुंगेऱ्यांना हुसकून लावतात. जमिनीला टेकलेल्या फांद्याही छाटायच्या, नाहीतर मुंग्या त्या मागच्या दाराने चढतात. हे सगळं मी सांगितलं तसंच्या तसं झाडपुसणीने केलं. सोबत प्रयोगशाळेचा एक कागद होता. त्यावर भुंगेऱ्याचं अंगठ्याएवढं रंगीत चित्र. त्याच्या पिल्लांबद्दल खाली एकच ओळ: अळी पांढरट असते. चित्र नाही, माप नाही. मुलाचं वर्णन 'मूल लहान असतं' असं करावं त्यातला प्रकार. अळी मीही पाहिलेली नव्हती. खोके दिले, कागद दिला, चार शब्द बोलले आणि पुढच्या गावाला गेले. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण चूक वाटून घ्यायची वेळ आली की सगळ्यांची नजर आधी राबणाऱ्यावर जाते.

पहिले चार दिवस भुंगेरे दिसले. ती रोज सकाळी झाडाखाली उभी राहून त्यांना बघायची, पाहुणे नीट जेवतायत का हे बघावं तसं. पाचव्या दिवसापासून ते कमी झाले. दहाव्या दिवशी चाळीस झाडांत मिळून सहा मोजले. लेकीला घेऊन तिने पुन्हा मोजले. पाच.

"उडून गेले," लेक म्हणाली.

"कुठे जातील? खायला तर इथेच आहे."

"आई, तुला काय सांगून गेलेत का ते?"

पंधरावा दिवस गेला. तिला जेवण जाईना. नवरा खाटेवर बसून म्हणायचा, "अगं, झाडाला पण जरा दम खाऊ दे. सारखी बघतेस, लाजत असेल ते." ती हसायची नाही. सतराव्या दिवशी फांद्यांवर पांढरं जरा जास्त वाटलं. डोळ्यांचा भ्रम असेल म्हणून ती विहिरीवर जाऊन डोळे धुऊन आली. एकोणिसाव्या दिवशी भ्रम राहिला नाही. बेचक्याबेचक्यात पांढरं फुललं होतं, आधी कधी नव्हतं इतकं, आणि मोठं. साधा पिठ्या तांदळाच्या कणीएवढा. हे त्याच्या दुप्पट-तिप्पट, अंगाला पांढऱ्या झिपऱ्या लोंबणारे.

मुकादम पाटावरून जाता जाता थांबला. "काय गं झाडपुसणी, खाणारे जेवून गेले वाटतं? आणि इकडे पिठ्याच्या घरी बारसं!" बरोबरची माणसं हसली. त्या घोळक्यात लेकही होती. ती हसली नव्हती. ती पंपाचा पट्टा किती लांब ठेवावा ते बघत होती, आणि ते आईने पाहिलं.

चोविसाव्या दिवशी, पाहणीच्या आदल्या दिवशी, उजाडताच झाडपुसणीने बादली भरली. भुंगेऱ्यांनी दगा दिला, ठीक आहे. हात तर दगा देत नाहीत ना? चाळीस झाडं एका दिवसात कुणी पुसत नाही. तिने पुसायची ठरवली. पाटाच्या वरच्या टोकाला शिडी लावली आणि सुरुवात केली. फडकं बुडव, पीळ, बेचक्यात घाल, फिरव, देठाखाली बोट, पुढची फांदी. आठ झाडांनंतर बोटांची टोकं सोलली. पंधरा झाडांनंतर मान वळेना. डबा बांधलेला तसाच राहिला. बादलीचं पाणी दुधासारखं होत होतं, आणि प्रत्येक वेळी ते ओतताना तिच्या जिवाला थोडा थंडावा मिळत होता.

एक गोष्ट मात्र तिला मधूनमधून खटकत होती. हे मोठे पिठ्ये पळत होते. फडकं जवळ आलं की तुरुतुरु सरकत होते. पिठ्या पळत नाही. पिठ्या म्हणजे आळशी भाडेकरू, बसला की बसला. पण ती म्हणाली, असेल नवी जात. घाईत असलेल्या माणसाला शंका परवडत नाही.

एकतिसावं झाड संपलं तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. बत्तिसाव्या झाडाला शिडी टेकवून ती वर गेली, आणि दम लागला म्हणून पायरीवरच टेकली. नाकासमोर एक फांदी. फांदीवर कापसासारखी पिठ्याची अंडी, बाजूला तीन साधे पिठ्ये, आणि एक तो झिपऱ्यांचा मोठा. मोठा सरकत आला. एका पिठ्यावर तोंड टेकवलं. झाडपुसणी बघत राहिली. पिठ्या आक्रसत गेला, सुरकुतला, नुसतं पांढरं टरफल उरलं. मोठा पुढच्याकडे वळला.

तिने त्याला नखावर घेतला. नखाने अंगावरचं पांढरं हळूच खरवडलं. खाली राखाडी अंग आणि सहा चांगले धडधाकट पाय. मग शेजारचा पिठ्या घेऊन खरवडला. पांढऱ्याखाली चिकट पिवळा लगदा.

ती शिडीवरून उतरली की पडली, तिला आठवत नाही. लेकीला दिसली तेव्हा ती बादलीजवळ गुडघ्यांवर बसून, दुधाळ पाण्यात हात घालून काहीतरी चाळत होती. तळहातावर झिपऱ्या गळालेल्या राखाडी अळ्या, दहा-बारा, सगळ्या थंड.

"ही आपली होती," ती म्हणाली. "खाणाऱ्यांची पोरं. सकाळपासून मी आपलीच पोरं पुसतेय."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. फरक इतकाच की इथे फाशी देणारीनेच संन्याशाला घरी बोलावलं होतं.

लेकीने मला बोलावणं पाठवलं. मी भिंग घेऊन धावत गेले. भिंगातून पाहिलं आणि माझी मान खाली गेली. पिठ्यांत राहायचं तर पिठ्यासारखं दिसायचं, असा त्या अळीचा वेश. मुंग्या फसतात, माणूस का नाही फसणार? तीन आठवड्यांनी झाड जास्त पांढरं दिसतं ते ह्याच अळ्यांमुळे. म्हणजे ज्या दिवशी सगळं हरलं असं वाटतं, नेमकं तेव्हाच काम चालू असतं. हे कागदावर छापायला कुणाला शाई पुरली नव्हती.

लेक म्हणाली, "आई, आता नीट ऐक. एकतीस झाडं चकाचक आहेत. राहिली नऊ. मी आणि तू मिळून दिवे लागायच्या आत पुसतो. उद्या मुकादम येईल, चाळीस झाडं स्वच्छ बघेल. जिंकलीस तू. गप्प बसायचं."

खरं सांगते, मला तो सल्ला वाईट वाटला नव्हता.

झाडपुसणीने नऊ झाडांकडे पाहिलं. पांढरीफटक होती ती, बघवत नव्हती. "देठाखालची अंडी फडक्याने जात नाहीत," ती म्हणाली. "वीस दिवसांनी एकतीस झाडांवर पुन्हा पिठ्या येईल. तेव्हा खायला कुणी नसेल. फळ पिकत आलेलं असेल. मग मुकादम एकदा नाही, तीनदा फवारणी लावेल. पंप कुणाच्या पाठीवर असेल तेव्हा? माझ्या?"

"आणि उद्या ही नऊ बघून त्याने पंप दिला तर?"

"तर उद्याच देईल," ती म्हणाली, आणि बादली पालथी करून तिच्यावर बसली.

दुसऱ्या दिवशी मुकादम आला. पहिली झाडं बघत बघत त्याच्या भुवया वर चढत गेल्या. "वा! मानलं बाई. खाणारे कामाचे निघाले."

"खाणारे नाही, मी. काल पुसली," ती म्हणाली. "आणि चूक केली."

लेकीने डोळे मिटून घेतले.

झाडपुसणीने त्याला बत्तिसाव्या झाडापाशी नेलं, माझं भिंग त्याच्या हातात दिलं आणि फांदी धरली. मुकादम बराच वेळ वाकून होता. वाकलेला मुकादम आम्ही कुणी आधी पाहिला नव्हता.

"हे खातंय खरं," तो शेवटी म्हणाला. "पण बाई, मला भिंग दाखवून काय उपयोग? खरेदीदारीण बारा दिवसांनी येणार. ती पाटाकडच्या ह्या प्रत्येक झाडाची दोन फळं घेते आणि देठाची टोपी सुरीने उचलते. पाचांपेक्षा जास्त फळांत जिवंत पिठ्या सापडला की अख्खा माल नको म्हणते. तिला मी सांगू का, की थांब, ह्यांची पोरं जेवतायत?"

"बारा दिवस द्या."

"आणि नाही जमलं तर?"

"पंप तयारच आहे की," लेक मध्येच म्हणाली. तिच्या आवाजात ताव होता, पण नजर आईवर होती.

मुकादमाने टोपी काढली, पुन्हा घातली. "बारा. तेरावा मागायला येऊ नकोस."

ते बारा दिवस मी जवळून पाहिले आहेत आणि पुन्हा पाहायची माझी इच्छा नाही. नऊ झाडांवरच्या अळ्या एकतीस झाडांवर न्यायच्या होत्या. बोटाने उचलली तर चिरडते. लेकीने लहान मुलांचा रंगाचा कुंचला आणला. कुंचल्याच्या टोकावर एक अळी, ती डबीत, डबीत दहा झाल्या की एका झाडाच्या दोन बेचक्यांत पाच-पाच. सगळ्या न्यायच्या नाहीत, नाहीतर नऊ झाडं उघडी पडतील. नवरा खाली खुर्चीत बसून डब्या धरायचा. हात कापायचे म्हणून डबी दोन गुडघ्यांत पकडायचा. एकदा डबी सांडली. त्याने रांगत रांगत गवतातून नऊ अळ्या शोधल्या. दहावी त्याला सापडली नाही, आणि तो दिवसभर तिचंच बोलत राहिला.

पाचव्या दिवशी शेजारच्या बागेवरून फवाऱ्याचा वास आला. झाडपुसणी पाटावर धावत गेली, बोट ओलं करून वाऱ्याची दिशा बघितली. वारा उलटा होता. मगच तिने परत येऊन कुंचला हातात घेतला. आठव्या दिवशी पुसलेल्या झाडांवर पिठ्याची नवी पिल्लं दिसायला लागली, पिवळी, टाचणीच्या टोकाएवढी. दहाव्या दिवशी नऊ झाडांवरच्या बऱ्याच अळ्या पानामागे कोष करून बसल्या. झाड अचानक काळं, ओकंबोकं दिसायला लागलं. काम झालं की अन्न संपून मेल्या, तिला कळेना. भिंग डोळ्याला लावून लावून तिच्या भुवईवर वळ उठला.

तेराव्या सकाळी खरेदीदारीण आली. उंच, अबोल बाई, कमरेला छोटी सुरी. एका टोकाने सुरुवात केली. फळ तोडायचं, देठाची टोपी उचलायची, बघायचं, करंडीत टाकायचं. सापडलं तर फक्त म्हणायची, "आहे." नाही तर काहीच नाही.

सातव्या झाडाला पहिलं "आहे." बाराव्याला दुसरं. मग सोळावं, त्याची दोन्ही फळं. चार. लेकीने आईचा दंड धरला. एकविसाव्याला पाचवं.

पाच झाले. आणखी एक जरी सापडला तरी संपलं. बावीस ते एकतीस ही दहा झाडं तिने पुसलेली, वीस फळं. झाडपुसणीने बघणं सोडून दिलं. ती नुसती सुरीचा टक् ऐकत होती आणि प्रत्येक टक्‌नंतर पुढच्या शब्दाची वाट बघत होती. अठ्ठाविसाव्याला खरेदीदारीण थांबली, फळ उजेडाकडे धरलं, सुरीचं टोक फिरवलं. "मेलेला आहे," ती म्हणाली आणि फळ टाकलं. मुकादमानेसुद्धा श्वास सोडला. तो आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

मग ती नऊ. अठरा फळं. वरून काजळीने माखलेली, एक फळ तर खरेदीदारणीने आधी बाहीला पुसलं. टोपी उचलली. स्वच्छ. पुढचं, स्वच्छ. अठराच्या अठरा.

"काजळी धुऊन पाठवा," ती मुकादमाला म्हणाली आणि सुरी पुसून निघाली. एवढंच. एवढ्यासाठी एका बाईची सदतीस दिवसांची झोप गेली होती.

मुकादमाने शब्द पाळला. लेक सोमवारपासून फळं निवडायच्या खोलीत गेली, खोली त्या कामाला बांधली गेली. झाडपुसणी रडली वगैरे नाही. घरी आली आणि नवऱ्याला म्हणाली, "जरा सरका," आणि खाटेवर आडवी झाली ती दिवे लागेपर्यंत उठली नाही.

पण मी म्हटलं ना, पंप घरी बसत नाही. बाग चाळीस झाडांची नाही, सहाशेची आहे. त्याच सोमवारपासून तो पंप शेजारच्या खोलीतल्या माणसाच्या पाठीवर होता. वय पंचेचाळीस, तोंडाला रुमाल. बुधवारी झाडपुसणीने दारातून त्याला जाताना पाहिलं. त्याच्या हातांत मोजे नव्हते. तिने हातातलं ताट खाली ठेवलं.

त्या दुपारी त्या माणसाची बायको तिच्या दारात आली. बराच वेळ चौकटीचा कोपरा नखाने खरवडत उभी राहिली. मग म्हणाली, "ते पांढऱ्यातलं पांढरं ओळखायला मला शिकवाल का हो, मावशी? ह्यांनी काल जेवण टाकलं."

"माती हलवलेली कुठे दिसली का? अवजारांच्या खोलीमागे?"

त्या बाईने होकारार्थी मान हलवली.

झाडपुसणी उठली, शिडी खांद्यावर घेतली. "चल. वरच्या बागेत अजून फवारणी किती झाडांवर झालेली नाही ते आधी बघू. आणि भिंग तुझं तू आण. हे ताईंचं आहे, मी देणार नाही."